एकाच जणाचा गट

दशांशने नोकरी बदलायचं ठरवलं, त्याआधीच तिने एक गोष्ट पक्की करून टाकली होती. याचा सुगावा कुणाला म्हणजे कुणाला लागू द्यायचा नाही.

दशांश हे काही तिचं खरं नाव नव्हे. लॅबच्या सहलीला किती जण येणार, असं कुणीतरी विचारल्यावर तिने अगदी गंभीरपणे ‘साडेतीन’ असं उत्तर दिलं होतं. एकाचं नक्की नव्हतं, म्हणून त्याला तिने अर्धा धरला होता. तो अर्धा म्हणजे क्लोरीनवाला. तो शेवटी सहलीला आला आणि येताना तिच्यासाठी हे नाव घेऊन आला. तेव्हापासून पगाराचा कागद सोडला तर तिचं खरं नाव कुणी घेतलं नव्हतं.

लॅब पाण्याच्या तपासणीची, आणि इतकी लहान की चौघं एकदम उभे राहिले तर एकाला दारात उभं राहावं लागे. खिडकीपाशी बाटल्या घेणाऱ्या नोंदणीच्या ताई, पाण्यातलं रसायन बघणारा क्लोरीनवाला, जंतू बघणारी दशांश आणि काचेच्या केबिनमध्ये मॅडम. दशांशच्या ओळखपत्रावर ‘सूक्ष्मजीव विश्लेषक’ असं भारदस्त छापलेलं होतं. काम मात्र साधं होतं. पाणी प्लेटवर घालायचं, प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे आणि लिहायचं: पिण्यास योग्य, किंवा अयोग्य. ते जंतू कुठून आले, तिथे काय करत होते, उद्या कुठे जाणार, हे विचारायची सोय नव्हती. अहवालात तेवढी जागाच नव्हती.

नदीकाठच्या मोठ्या प्रयोगशाळेत मात्र हेच विचारायचा पगार मिळत होता. तिथे नदीचं पाणी वरपासून खालपर्यंत तपासत, आणि अंधारात जंतू चमकताना दाखवणारा एक सूक्ष्मदर्शक तिथे होता. त्याचा फोटो दशांशने इतक्या वेळा पाहिला होता, की एखाद्या मुलीने एखाद्या मुलाचा पाहिला असता तर घरच्यांनी लग्नाची तारीख काढली असती. तिथे एक जागा निघाली, तिने अर्ज केला आणि तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची मुलाखत ठरली.

आता प्रश्न मॅडमचा. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दशांशने इथल्या मुलाखतीतच एक फ्लास्क फोडला होता, तरी मॅडमनी तिला घेतलं होतं. यंदा बाहेरच्या लांबलचक प्रशिक्षणासाठी एकालाच पाठवायचं होतं आणि मॅडमनी तिचंच नाव कळवलं होतं. नवी नोकरी हातात यायच्या आधी ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली, तर प्रशिक्षण जाणार. नवी नोकरी मिळाली नाही, तर इथलीही जाणार. शिवाय मॅडम चिडल्या असत्या तर ते तिने सोसलं असतं. त्या नुसत्याच गप्प झाल्या तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

म्हणून गुप्तता. आणि गुप्ततेच्या बाबतीत दशांश स्वतःला थोडीफार तज्ज्ञ समजत असे.

त्यालाही कारण होतं. लॅबमध्ये बाटली आली की ताई तिच्यावरचं नाव काढून नंबर चिकटवत. पाणी कुणाचं हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणजे ओळखीपाळखीत ठिपके कमी-जास्त मोजले जात नाहीत. ही पद्धत बरीच वर्षं सुखाने चालली होती. मग दशांश आली आणि थोड्याच दिवसांत केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मॅडम, हा नंबर कुचकामी आहे.”

“का गं?”

“दर शुक्रवारी एक बाटली येते, तिला क्लोरीनचा भपकारा असतो. म्हणजे ती पोहण्याच्या तलावाची. आणि आपल्याकडे पोहण्याचा तलाव एकच आहे. गटात एकच जण असेल, तर नाव झाकून उपयोग काय? ते झाकलेलं नसतंच.”

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं. मग हसून म्हणाल्या होत्या, “लिहून काढ. नवी पद्धत कर.” तिने ती केली. दोन खोट्या बाटल्याही क्लोरीन घालून मधे सरकवायच्या, अशी. क्लोरीनवाला म्हणाला, “आता माझं काम वाढवून तू हुशार ठरलीस.” ते खरंच होतं.

असा अधिकार असलेली मुलगी कामधंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या एका साइटवर गेली आणि पहिल्याच दिवशी तिने काय करावं? नदीकाठच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं प्रोफाइल सरळ उघडलं, वाचलं, खाली जाऊन त्यांचं शिक्षण पाहिलं, परत वर येऊन फोटो मोठा करून पाहिला, आणि मग तिला कळलं, की ही साइट चहाडखोर आहे. कोण येऊन गेलं, हे ती घरमालकाला सांगते.

तिने लॅपटॉप झाकला. जणू तो झाकल्याने बाईंच्या पडद्यावरचं तिचं नाव पुसलं जाणार होतं. थोड्या वेळाने तिचं तिलाच हसू आलं. मग ती शहाण्यासारखी सेटिंगमध्ये गेली आणि तिथलं सगळं वाचून काढलं.

दुसऱ्याच्या प्रोफाइलवर जाताना तुम्ही कसं दिसावं, याचे तीन पर्याय होते. पहिला, नाव आणि फोटोसकट. दुसरा, नाव न दाखवता फक्त हुद्दा आणि कामाची जागा. तिसरा, काहीच न दाखवता. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच.

कुणाही समंजस माणसाने तिसरा घेतला असता. पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तुम्ही पूर्ण लपलात तर तुमच्याकडे कोण येऊन गेलं, हे तुम्हालाही दिसणार नाही. इथे दशांश अडली. माहिती समोर आहे, कुणीतरी ती गोळा करून ठेवली आहे, आणि आपण आपल्या हाताने तिच्यावर पडदा ओढायचा? तिच्याच्याने ते होईना. मोठ्या प्रयोगशाळेतून कुणी आपलं प्रोफाइल पाहिलं की नाही, हे कळायलाच हवं होतं. शेवटी तिने मधला पर्याय निवडला. नावही झाकलेलं आणि माहितीही चालू. दोन्ही हातांत लाडू, आणि वर स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की त्या आनंदात शेजारचं आणखी एक बटणही तिने दाबलं: ‘कामाच्या शोधात आहे, हे फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसावं.’

त्यानंतर ती निर्धास्तपणे हिंडू लागली. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने आणि फोन दुसऱ्या हाताने. आधी प्रमुख बाईंकडे एक फेरी. मग मॅडमकडे. मॅडमकडे कशाला, तर त्यांची आणि प्रमुख बाईंची ओळख आहे का हे पाहायला. पाण्याच्या धंद्यात माणसं कमी. जो तो कुणाचा तरी वर्गमित्र.

मॅडमचं प्रोफाइल पहिल्या दिवशी ओसाड होतं. फोटोच्या जागी करडा गोल, खाली हुद्दा, एवढंच. दोन दिवसांनी मात्र गोलात फोटो आला. मग शिक्षण आलं. मग विहिरींच्या पाण्यावर त्यांनी पूर्वी केलेल्या कामाचा परिच्छेद आला, आणि त्या पाठोपाठ त्या कामाचा अख्खा लेखच जोडलेला दिसला.

दशांशचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं पडून असलेलं प्रोफाइल कुणी अचानक का सजवेल? उत्तर एकच होतं. मॅडमही नोकरी शोधत होत्या!

“काय गं दशांश, फोनमध्ये जंतू सापडले काय?” क्लोरीनवाल्याने विचारलं.

“नाही रे. बातम्या वाचतेय.”

“बातम्या वाचताना इतकं तोंड उघडत नाही कुणी.”

तिने तोंड मिटलं. पण डोकं चालूच राहिलं. मॅडम सोडून गेल्या तर लॅबचं काय? आणि गेल्या तर त्या जाणार कुठे? नदीकाठच्याच प्रयोगशाळेत नाही ना? मग तर शुक्रवारी बाहेरच्या खुर्च्यांवर दोघी शेजारी शेजारी! पुरावा गोळा करायला हवा होता. म्हणून ती रोज जाऊ लागली, कधी कधी दिवसातून दोनदा. आणि प्रोफाइल रोज थोडं वाढतच राहिलं, पाणी मिळालेल्या रोपासारखं.

एक गोष्ट मात्र तिने ठरवून केली नव्हती. विहिरींचा तो लेख तिने नुसता चाळायला उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला.

रविवारी सकाळी वहिनी इस्त्री करत होती. दशांश दादा-वहिनीकडे राहायची. वहिनी एका हॉस्पिटलात माणसं भरती करायच्या कामावर होती आणि त्यामुळे घरातली माणसंही तिने थोडी निवडूनच घेतली आहेत, असं दादा म्हणायचा. दादाच्या शर्टाची कॉलर दाबता दाबता ती म्हणाली,

“काय हो वन्सं, कधीपासून शोधताय?”

वहिनी एरवी तिला नावाने हाक मारायची. ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ सुरू झालं, की समजायचं, काहीतरी हाती लागलंय.

“काय शोधतेय?”

“नोकरी. आमच्या हॉस्पिटलला जंतू बघणारं माणूस हवंय. परवा यादी काढली, तर वरून दुसरा फोटो आमच्या नणंदबाईंचा! ‘कामाच्या शोधात.’ म्हटलं वा, घरात माझ्या हातची चपातीदेखील न सांगता खातात, नोकरीही न सांगताच शोधतात.”

“वहिनी! ते फक्त भरती करणाऱ्यांना दिसतं.”

“मग मी काय देवळातली घंटा वाजवते का?”

दशांश धपकन पलंगावर बसली, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर. वहिनीने तिच्याखालून एक साडी ओढून घेतली. मग मात्र दशांशने सगळं सांगितलं. शुक्रवारची मुलाखत, प्रशिक्षण, मॅडम. आणि मॅडमही नोकरी शोधताहेत, हा शोध तर जरा अभिमानानेच सांगितला.

“हे तुला कसं कळलं?”

“त्यांच्या प्रोफाइलवर रोज जाते ना. पण काळजी नको, लपून जाते. मी सेटिंग बदललंय.”

“कुठलं?”

“मधलं. नाव दिसत नाही.”

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. तिने खिशातून फोन काढला. “माझं प्रोफाइल उघड बरं एकदा. तू नेहमी जातेस तसंच जा, लपून.”

दशांश लपून गेली. वहिनीचा फोन तिच्या हातात थरथरला. तिने तो वळवून दशांशसमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: ‘सूक्ष्मजीव विश्लेषक’, आणि त्यापुढे लॅबचं पूर्ण नाव, पत्त्यातल्या गल्लीसकट, ‘येथील कुणीतरी तुमचं प्रोफाइल पाहिलं.’

“तुमच्या लॅबमध्ये सूक्ष्मजीव विश्लेषक किती आहेत?” वहिनीने शांतपणे विचारलं.

दशांशने ढिगातला एक टॉवेल उचलून घडी करायला घेतला.

“सांग ना. साडेतीन?”

“एक,” दशांश म्हणाली. “एकच.”

मग वहिनी जी हसत सुटली, ती आतल्या खोलीतून दादा आला तरी थांबेना. दादाने विचारलं, काय झालं. वहिनीने बोलायचा प्रयत्न केला आणि नुसतं दशांशकडे बोट दाखवलं. दादा म्हणाला, “हे तर रोजचंच आहे,” आणि आपला शर्ट घेऊन गेला.

दशांशला हसू आलं नाही. तिला दारात उभी राहून ‘नंबर कुचकामी आहे’ म्हणणारी दशांश दिसत होती. गटात एकच जण असेल, तर नाव झाकून उपयोग काय? तलावाच्या बाटलीचं तिला कळलं होतं. आपणही तलावाचीच बाटली आहोत, एवढं मात्र सुचलं नव्हतं. आणि ही बाटली रोज जेवणाच्या सुट्टीत, भपकारा सोडत, मॅडमच्या दारात जाऊन उभी राहत होती.

“बटण आता फिरवू?” तिने केविलवाणं विचारलं.

“फिरव की. पण जे दिसलं ते दिसलं.” वहिनी डोळे पुसत म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. “हे बघ, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तूच सांग. मी रोज हेच बघते गं. माणसं सोडून जातात त्याचं साहेबांना एवढं काही वाटत नाही. ते बाहेरून कळलं, त्याचं वाटतं.”

सोमवारी दशांश सांगायच्या तयारीनेच गेली. पण मॅडम सकाळपासून फोनवर होत्या. काचेतून त्या दिसत होत्या, आवाज येत नव्हता. मधेच त्यांनी बाहेर पाहिलं, आणि नेमकं दशांशकडेच पाहिलं. दशांशने हातातल्या प्लेटवरचे ठिपके मोजायला घेतले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे आले. असं तिच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

“तुझी तब्येत बरी आहे ना?” क्लोरीनवाल्याने विचारलं. “आकडा सांगून टाक, पूर्णांकात.”

इतक्यात केबिनचं दार उघडलं. “जरा आत ये गं,” मॅडम म्हणाल्या.

आत गेल्यावर दशांशला पाठ केलेलं पहिलं वाक्यच आठवेना. मॅडमनीच सुरुवात केली.

“दोन आठवडे तू रोज माझं प्रोफाइल बघतेयस.”

“हो,” दशांश म्हणाली. नाही म्हणायला जागाच नव्हती.

“आधी मला कळेना, कशासाठी. मग वाटलं, मुलीला आपलं काम वाचायचं असेल आणि विचारायला लाजत असेल.” मॅडमनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा होतं तिथेच ठेवलं. “तिथे तर काहीच नव्हतं. म्हणून मग मी घातलं. फोटो काढून घेतला मुलाकडून. जुना लेख शोधला. दर दिवशी तू येऊन जायचीस, आणि मी संध्याकाळी आणखी काहीतरी घालायचे. माझ्या त्या पानावर वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं गं.”

दशांशला जमिनीत शिरावंसं वाटलं. एवढा पुरावा गोळा करून तिने जो मोठा शोध लावला होता, तो तिनेच घडवला होता. तिने बघितलं, म्हणून ते वाढलं, आणि वाढलं म्हणून तिने पुन्हा बघितलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात, की मोजणाऱ्याचा हात मोजायच्या वस्तूला लागता कामा नये.

“आज सकाळी नदीकाठच्या लॅबच्या बाईंचा फोन आला,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही एका वर्गात होतो. म्हणाली, तुझ्याकडची एक मुलगी शुक्रवारी मुलाखतीला येतेय, कशी आहे?”

आणि मॅडम गप्प झाल्या. ज्या गप्प होण्याची दशांशला इतके दिवस भीती होती, ते हेच. ती उभीच होती. बाहेर ताईंच्या खिडकीत कुणीतरी बाटल्या ठेवत होतं, त्यांचा आवाज येत होता.

“मी आज सांगणार होते,” ती शेवटी म्हणाली. मग तिलाच ते पटेना. “आज म्हणजे, काल ठरवलं आज सांगायचं. त्याआधी नाही सांगणार होते. मला भीती वाटली. प्रशिक्षण जाईल, आणि तिथेही नाही झालं तर इथेही तुम्ही... आणि मला तिथलं काम हवंय, मॅडम. इथलं नको म्हणून नाही. मला जंतू कुठून येतात ते बघायचंय.”

“तिच्याकडून कळलं त्याचं मला वाईट वाटलं.”

“हो.”

“लेख तरी वाचलास का? की नुसतीच हेरगिरी?”

“वाचला,” दशांश म्हणाली. “दोनदा.” आणि मग तिला राहवलं नाही, हे विचारायची ही वेळ नव्हे हे कळत असूनही राहवलं नाही. “बावीस अंशांवरच्या प्लेट्स तुम्ही ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस ठेवल्यात. म्हणूनच ते सावकाश वाढणारे नारिंगी ठिपके सापडले. एरवी कुणाला दिसलेच नसते. पण जास्त ठेवायच्या हे कशावरून ठरवलंत? लेखात कारण दिलेलं नाही.”

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

“सुट्टी लागली होती. कॉलेजला कुलूप. प्लेट्स आत, आम्ही बाहेर.”

“म्हणजे चुकून?”

“अगदी चुकून. लेखात तसं लिहिता येत नाही.” आणि त्या हसल्या. “इतक्या वर्षांत हे विचारणारी तूच पहिली. बस.”

दशांश बसली. मॅडमनी कपाटातून एक जुना फोटो काढला. नारिंगी ठिपक्यांची प्लेट, आणि तिच्यामागे बारीक, तरुण, केस विस्कटलेल्या मॅडम. शेजारी आणखी एक मुलगी होती. प्रमुख बाईंचा फोटो इतका मोठा करून पाहिल्यामुळे दशांशने तिला लगेच ओळखलं. ठिपके पुढे कुठल्या विहिरीत सापडले आणि कुठल्यात नाही, हे बोलता बोलता बाहेर क्लोरीनवाला दोनदा काचेसमोरून गेला. पोरगी वाचली की गेली, याचा त्याला अंदाज येईना.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?” दशांशने शेवटी विचारलं. “मी कशी आहे म्हणून?”

“म्हटलं, कामाला फार नेमकी आहे. फक्त गुपितं तिच्याकडे ठेवू नकोस.”

“मग मला घेणार नाहीत.”

“अगं, तिथे कसली गुपितं? नदी आहे.” मॅडमनी फोटो परत कपाटात ठेवला. “ती म्हणाली, तेही मला माहीत आहे. एक सूक्ष्मजीव विश्लेषक रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडेही येऊन जातो म्हणे.”

दशांशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“शुक्रवारी जा. तलावाच्या बाटल्या मी बघते, तिन्ही. प्रशिक्षणाचं नाव मी दुरुस्त करत नाही, तुझं नक्की होईपर्यंत. मिळालं तर सांग. नाही मिळालं तर तेही सांग. आधी मला.”

“आधी तुम्हालाच,” दशांश म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि सवयीने फोन काढला. सेटिंगमध्ये जाऊन तिने तिन्ही पर्याय पुन्हा एकदा वाचले. मग पहिला निवडला, नाव आणि फोटोसकट, आणि मॅडमचं प्रोफाइल उघडलं. काचेपलीकडे टेबलावरचा फोन उजळला. मॅडमनी तो हातात घेतला, चष्मा वर सरकवून वाचलं, आणि मान वर न करता तिला खुणेनेच सांगितलं, की जेव आधी.